चालू मशीन

मालकांनी मागावर अर्धं कापड असतानाच वीज तोडून मिल बंद केली, तेव्हापासून बाबा सुदामा नगरच्या घरात नुसते बसून असायचे. नागपूरला लग्न निघालं, तेव्हा मी त्यांना गाडीत घालून निघालो. कंपनीचा लॅपटॉपही बरोबर होता, कारण नव्या जमान्यातल्या साहेबांना सुट्टीतही रिपोर्ट हवा असायचा. त्याची बॅटरी मेलेली होती. सिगारेट लायटरच्या सॉकेटला इन्व्हर्टर लावला, तरच तो चालायचा, आणि त्यासाठी इंजिन चालू ठेवावं लागायचं.

बैतूलच्या अलीकडे चहाला थांबलो. रिपोर्ट अर्धवट होता, म्हणून इंजिन चालूच ठेवलं आणि बाबांना म्हटलं, "चला, उतरा."

"चालू मशीन सोडून नाही जात कोणी," ते म्हणाले. "तू पिऊन ये. मी आहे ना इथे."

मिलमधला तो रिवाजच होता. पाळी संपली तरी बदलीचा माणूस येऊन उभा राहीपर्यंत चालू मागापासून हलायचं नाही. इन्व्हर्टरवर हात ठेवून बाबा ताठ बसले होते. इतके ताठ ते किती दिवसांनी बसले होते!

पण माझं डोकं फिरलं. "बाबा, ही गाडी आहे, तुमची मिल नाही!" म्हणत मी किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. इन्व्हर्टरचा पंखा घरघरून गप्प झाला, लॅपटॉपचा पडदा काळा पडला.

बाबांनी हात काढून घेतला आणि ते खाली उतरले.

"मालकांनी पण विचारलं नव्हतं," म्हणाले.