नोहाच्या तारवात शेळी

धुळ्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा चपलेतूनही पाय भाजत होते. चर्चला मी नाताळच्या केकपुरता जाणारा माणूस. पण पुण्याच्या आमच्या आत्याने मुलांच्या उन्हाळी बायबल शाळेत शिकवायला परस्पर माझं नाव देऊन टाकलं होतं. शाळा साक्रीच्या पुढे, एका खेड्यातल्या चर्चमध्ये. दुसरी एसटी येईपर्यंत स्टँडबाहेर शेवभाजी खाल्ली. पहिल्या घासालाच डोळ्यांतून धारा लागल्या. एवढा पश्चात्ताप मला उपासनेत कधी झाला नव्हता.

खेड्यातले पाळक शिस्तीचे गृहस्थ. माझी दाढी बघून त्यांनी मला शेवटच्या दिवसाच्या नाटकात नोहा केलं. पुठ्ठ्याचं तारू, त्यात जोडीजोडीने चढणारी, प्राण्यांचे मुखवटे घातलेली मुलं आणि महापूर. टँकरने पाणी येणाऱ्या गावात महापूर कुणाला सुचला, असं मी विचारलं. त्यांनी मला मुखवटे रंगवायला बसवलं.

मंगला नावाची आठेक वर्षांची मुलगी रोज शेळी घेऊन यायची आणि दाराबाहेर उभी राहून सगळी गाणी म्हणायची. शेळीला आत मज्जाव होता. तिला घरी बांधून ये, असं मी मंगलाला सुचवलं.

"माय कामले जास. मंग हिले कोन देखी?" (आई कामाला जाते. मग हिला कोण बघणार?)

मी पाळकांकडे रदबदली केली. देवाचं घर म्हणजे गोठा नव्हे, असं त्यांनी सुनावलं. मग येशू जन्मला कुठे, हे माझ्या तोंडून निसटलं. शेवटी शेळी दाराच्या आत, पण खांबाला बांधून, यावर तडजोड झाली.

नाटकात पाऊस सुरू होताच शेळीने दोर सोडवला, सरळ तारवाकडे आली आणि त्याची एक बाजू खायला लागली. पुठ्ठे पिठाच्या खळीने चिकटवलेले, तिचा तरी काय दोष? मंगला धावत तिच्यामागे आली. पाळक उठून उभे राहिले. आता दोघींना बाहेर काढणार, म्हणून मी घाईघाईने नोहाचा आवाज लावला आणि विचारलं, इथे जोडीनेच प्रवेश आहे, हिची जोडीदार कुठे आहे?

"मी शे ना," (मी आहे ना) मंगला म्हणाली, आणि शेळीला कवेत घेऊन तारवात चढली.

पाळक खाली बसले. तोंड गीतांच्या पुस्तकाआड होतं, पण खांदे हलत होते.

परत आल्यावर आत्याने विचारलं, काय शिकवलंस पोरांना? चार गाणी, म्हणालो. शेळीला सोडून आत यायचं नाही, हे मंगलाला कुणी शिकवायची गरज नव्हती. खरा महापूर आला असता तर मी मात्र सगळ्यांच्या आधी तारवात रुमाल टाकून खिडकीची जागा धरली असती.