किती माणसं धरायची?

त्या ऑफिसात तिला सगळे भिंगरी म्हणत. पायाला भिंगरी लावल्यासारखी दिवसभर या टेबलाकडून त्या टेबलाकडे फिरायची, म्हणून. इमारतींचे नकाशे काढणारं नऊ जणांचं ऑफिस. चहाच्या दुधापासून प्रिंटरच्या शाईपर्यंत सगळा कारभार तिचा. त्यामुळे जुन्या राउटरने मान टाकली, तेव्हा नवा आणायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं.

दुकानदाराने दोन खोकी पुढ्यात ठेवली. "हा साधा. पाच-सहा जणांना पुरेल, त्याहून जास्त ओझं टाकू नका. हा मधल्या किमतीचा. वीस जण एकदम कामाला लागले तरी दमणार नाही. पुढच्या वर्षी ऑफिसात किती माणसं असतील तेवढं सांगा, म्हणजे झालं."

झालं कसलं! नेमकं तेच तिला ठाऊक नव्हतं. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक सुटल्याची कुजबुज कधीची चालली होती. मालक, म्हणजे सगळ्यांचे काका, हल्ली दार लावून फोनवर बोलत. कुठेतरी पाणी मुरत होतं, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? ती रिकाम्या हाताने परत आली. घरी नवरा म्हणाला, "दोन खोक्यांतलं एक उचलायला एवढा घोर?" त्या बिचाऱ्यावरच ती डाफरली. दुसऱ्या दिवशी काकांच्या दारापर्यंत दोनदा जाऊन मागे फिरली, आणि मग एकदाची आत शिरली.

"काका, राउटर साधा घेऊ की मधला?"

"साधाच घ्या."

"नऊ जणांना नाही पुरायचा तो."

"पुरेल हो."

"किती माणसं धरायची, ते तरी सांगा."

काकांनी चष्मा काढून पुसला. पुसलेला पुन्हा पुसला. "पाच धरा."

"त्या पाचांत मी आहे का?" तिने विचारलं.

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि टेबलावरचे कागद सारखे केले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर तिला सोपं गेलं असतं.

"राउटर बसवून झाला," ते हळूच म्हणाले, "की पासवर्ड तेवढा मला लिहून द्या."

तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा संताप आला.

"लिहून नाही देणार, काका," ती म्हणाली. "पाठ करा. इथे सगळ्यांना मी हेच सांगत आलेय."