डी म्हणजे आपला क

मी तालुक्याच्या नगरपालिकेत, जन्म-मृत्यू विभागात कारकून आहे. चुडाव्याहून रेल्वेनं येते आणि खिडकीवर बसते. तीन वर्षांपूर्वी माझ्या खिडकीशी एक मायलेकी आल्या.

"जयभीम ताई," आई म्हणाल्या. "हिच्या जलमाचा दाखला पायजे. आमी चारठाण्याचे, पर माझं बाळंतपण इथं भैनीकडं, सरकारी दवाखान्यात झालं. नाव लावलं तवा मी सोता उभी होते."

मुलीची नर्स म्हणून निवड झाली होती. शाळेच्या दाखल्यावर एक तारीख, आधारवर दुसरीच, एक जानेवारी. कागदपत्रांच्या तपासणीला आठ दिवस होते आणि तिथं मूळ जन्मनोंद मागितली होती. मी वर्ष विचारलं. तिनं सांगितलं आणि माझा चेहरा पडला, कारण ते नेमकं त्या सहा वर्षांतलं होतं.

त्या सहा वर्षांची कागदी रजिस्टरं छत गळून लगदा झाली होती. सगळ्या नोंदी एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमधे भरलेल्या होत्या म्हणून कुणाला त्याचं फारसं वाटलं नव्हतं. ते सॉफ्टवेअर चालायला संगणकाच्या मागं अंगठ्याएवढी एक चावी लावावी लागे. तिच्याशिवाय ते उघडत नसे, आणि त्यातली मराठी अक्षरंही त्या कंपनीचीच, दुसऱ्या कुठं न दिसणारी. मग तो जुना संगणक विजेच्या कमी-जास्तपणानं बंद पडला, आणि नव्या संगणकात चावी बसेना. तेव्हापासून त्या वर्षांतलं कुणी आलं की आम्ही सांगायचो, नव्यानं नोंद करा. त्याला महिने लागायचे.

मी त्या दिवशी पुन्हा एकदा कंपनीला फोन लावला.

"ती आवृत्ती बंद झाली, मॅडम. नवीन घ्यावी लागेल."

"नवीन घेतली तर जुन्या नोंदी त्यात येतील ना?"

"तसं सांगता येत नाही."

"मग ह्या नोंदी कुणाच्या? आमच्या का तुमच्या?"

"नोंदी तुमच्याच आहेत, मॅडम. वाचणारं सॉफ्टवेअर फक्त आमचं आहे."

त्यानं अदबीनं सांगितलं, म्हणून जास्त लागलं. आमच्या दप्तरखान्यात निजामाच्या काळची उर्दू कागदपत्रं आहेत. गावातले एक निवृत्त शिक्षक येऊन ती आजही वाचून देतात. शंभर वर्षांचा कागद वाचता येतो आणि वीस वर्षांची नोंद वाचता येत नाही, हे मला पटेना. मी त्या आईंना म्हणाले, "चार दिवस द्या मला." का म्हणाले, मलाच ठाऊक नाही. माझ्या हातात काहीच नव्हतं.

साहेबांची परवानगी घेऊन मी बंद संगणक दुरुस्तीवाल्याकडं नेला. डिस्क शाबूत निघाली. त्यानं त्यातली नोंदींची फाइल माझ्या संगणकावर आणून दिली. मी ती साध्या लिहायच्या प्रोग्रॅममधे उघडली. तारखांचे आकडे स्वच्छ दिसत होते. बाकी सगळी इंग्रजी अक्षरं, मधेच पूर्णविराम, मधेच कंस, काही केल्या अर्थ लागत नव्हता. पण नोंदी नाहीशा झाल्या नव्हत्या, समोर होत्या, फक्त मला वाचता येत नव्हत्या.

"हे भरलं कुणी होतं?" मी आमच्या शिपाईकाकांना विचारलं.

"टायपिंग क्लासवाल्या बाईंनी की. कंत्राटावर बसायच्या इथं. हायत अजून, मोंढ्यामागं राहतात."

मी फाइल ऑफिसच्या लॅपटॉपवर घेऊन, कीबोर्ड पिशवीत टाकून तडक धान्यबाजारामागं गेले. खाली किराणा दुकान, वर घर. बाईंची पूजा नुकतीच आटोपली होती. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग. सत्तरीच्या असाव्यात. मी त्यांना मावशी म्हणाले आणि सगळं सांगितलं.

"मावशी, क कुठल्या बटणावर होता?"

"आता काय आठवायलंय मला." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्या पिशवीकडं बघितलं. "कीबोर्ड आणलास का? दे इकडं. तोंडाला येत न्हाई, बोटाला येईल."

मी कीबोर्ड ऑफिसच्या लॅपटॉपला जोडून त्यांच्या मांडीवर दिला. त्यांनी डोळे मिटले, बोटं ठेवली.

"काय मारू?"

"चारठाणा."

खटाखट आवाज झाला. पडद्यावर पी, के, जे, मोठा बी, के, पूर्णविराम, के, के. मी तीच अक्षरं फाइलमधे शोधायला टाकली. क्षणात सापडली. एकदा नाही, पत्त्याच्या रकान्यात कितीतरी वेळा. मी उठून उभी राहिले. मावशींनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "काय झालं? चुकलं का?"

"न्हाई मावशी. चारठाणा सापडलं."

मग आम्ही थांबलोच नाही. त्या अक्षर मारायच्या, मी वहीत लिहायची. डी म्हणजे क. के म्हणजे काना. आय म्हणजे प. आर म्हणजे त. जुन्या टाइपरायटरचीच मांडणी होती ती, कंपनीनं थोडी अक्षरं इकडची तिकडं केलेली. "हा ळ मुद्दाम हलवला त्यांनी," मावशी म्हणाल्या. "म्हणजे दुसरीकडं कुणाला जमू नये. पहिला महिना लय हुडकायचे मी त्याला." वीस वर्षांचा राग होता तो. दुपारी सून जेवायला बोलवायला आली तर त्यांनी तिला हातानंच थांबवलं.

दुसऱ्या दिवशी मी फुकट मिळणाऱ्या, सगळ्यांना वापरता येणाऱ्या एका प्रोग्रॅममधे फाइल घेतली आणि वहीप्रमाणे एकेक अक्षर बदलत गेले. शोधा, बदला. शोधा, बदला. पडद्यावर मराठी उगवायला लागली. परभणी आली, सेलू आलं, पण जिंतूर काही केल्या नीट येईना. वेलांटी ज च्या आधी एकटीच लोंबकळत होती. मी फोन केला.

"अगं, टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारायची, अक्षर मागनं," मावशी म्हणाल्या. "मास्तरनी पट्टी मारून शिकवलं होतं. तू तिला उचलून अक्षराच्या मागं नेऊन ठेव."

संगणकाला ते समजावण्यात माझे दोन दिवस गेले. रेल्वेतही मी वही काढून बसायचे. समोरच्या बाईनं विचारलं, कसली परीक्षा आहे? मी म्हणाले, मराठी पहिलीची.

चौथ्या दिवशी जिंतूर सरळ झालं. मी मुलीच्या शाळेतली तारीख शोधली. त्या दिवशी पाच जन्म होते. तिसऱ्या ओळीत पत्ता चारठाणा, आईचं नाव बरोबर, वडलांचं बरोबर, बाळ स्त्री. मी खिडकी सोडून बाहेर पळाले. मायलेकी बाकावर बसल्या होत्या.

"आई, ही कधी झाली ते आठवतं का?"

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. भैनीच्या घरच्या बैलांच्या शिंगाचा रंग ताजा व्हता."

मी मोबाइलवर त्या वर्षीचं पंचांग काढलं. पोळा आदल्या दिवशीच होता. मी त्यांना सांगितलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "मंग. मी काय खोटं बोलायले व्हय?" मुलगी मात्र रडायला लागली.

साहेबांनी मात्र कागद बाजूला सरकवला. "तुम्ही अक्षरं बदलून काढलेलं हे. मी सही कशी करू? एखादं अक्षर चुकलं तर?"

त्यांचं बरोबर होतं. मी फायलींतून त्या सहा वर्षांत दिलेल्या दाखल्यांच्या कार्यालयीन प्रती काढल्या. चावी चालत होती तेव्हाच्या. साहेब एकेक प्रत मोठ्यानं वाचायचे, मी पडद्यावरचं वाचायची. वीस प्रती झाल्या. एका ठिकाणी ष चा ळ झाला होता, तो मावशींना विचारून सुधारला आणि सगळी फाइल पुन्हा ताडली. दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या वहीत त्या आईंची नोंद त्याच तारखेला सापडली. साहेबांनी चष्मा पुसला, टिपणी लिहिली आणि सही केली. मला म्हणाले, "बाई, ही वही कुलपात ठेवू नका. दहा झेरॉक्स काढा."

मुलगी आता गंगाखेडकडच्या एका दवाखान्यात आहे. तिनं फोन केला होता, रात्रपाळी मिळाली म्हणून कुरकुरत होती.

पुढं कर विभागासाठी नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. कंपनीचा माणूस दाखवायला आला. रंगीत पडदे, तक्ते, सगळं झकास. साहेबांनी मला मुद्दाम बसवलं होतं. मी आयुष्यात कधी सभेत बोलले नव्हते. तरी विचारलं, "उद्या तुमची कंपनी बंद झाली, तर आमच्या नोंदी आमच्या आम्हाला उघडता येतील का? कुठल्याही संगणकावर, मराठीत?"

"तशी वेळ येणार नाही, मॅडम."

"आमच्यावर आली होती."

मग साहेबांनी निविदेच्या मसुद्यात हातानं ओळ घातली, की सर्व माहिती खुल्या स्वरूपात, दर महिन्याला कार्यालयाकडं द्यावी. ती ओळ वर जाऊन टिकली नाही. "योग्य विचार केला जाईल" असं उत्तर आलं आणि कर विभागात पुन्हा चावीवालंच आलं. मी चिडले. पण साहेबांनी आमच्या विभागापुरतं लेखी काढलं: जुन्या सगळ्या नोंदी खुल्या फाइलमधे घ्याव्यात, छापून बांधाव्यात.

तेव्हापासून दर मंगळवारी मावशी ऑफिसात येतात. मी ओळी वाचते, त्या ऐकतात आणि गावांची नावं चुकली की थांबवतात. मागच्या मंगळवारी तिसरं वर्ष संपवलं. बांधणीवाला नवी जिल्द घेऊन आला, मावशींनी ती हातात घेऊन पानं उलटली आणि म्हणाल्या, "चौथ्याचं काढ. चार वाजेपर्यंत लय होईल अजून."