पाटलांच्या पूर्वजाचे दात

साखऱ्याजवळच्या आमच्या गावात मेलेल्या माणसाला बढती मिळताना मी पाहिली आहे. मोठा दुष्काळ सरून काही वर्षं झाली होती. मी हिंगोलीला शिकत होते आणि सुटीत घरी आले होते. दसऱ्याआधी आमच्या बौद्धवाड्यातल्या बाया भिंती सारवायला गावाबाहेरच्या जुन्या टेकाडावरून पांढरी माती आणत. त्या टेकाडालाच सगळे पांढरी म्हणत. आई तिथं खणत होती, तर कुदळीखाली एक कवटी निघाली, जबड्यासकट.

पाटील आले, त्यांनी कवटीचे दात बघितले आणि हा आपलाच पूर्वज असं जाहीर करून मोकळे झाले. कारण काय, तर एकही दात किडलेला नाही. असे दणकट दात दूधतुपावर वाढलेल्या माणसाचेच असणार, आणि दूधतूप त्यांच्या घराशिवाय गावात होतं कुणाकडे? पाटलांच्या स्वतःच्या तोंडात गुळाच्या चहानं मोजकेच दात शिल्लक ठेवले होते, पण तो विषय कुणी काढला नाही.

पहिल्या दिवशी पूर्वज शिपाई होता. आठवडी बाजारापर्यंत सरदार झाला. कवटीला शेंदूर लागला, नारळ फुटला, समाधी बांधायचं ठरलं. पूर्वज आपला म्हणजे पांढरीही आपली, असा न्याय लावून पाटलांनी टेकाडाभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. आमच्या घराची एकच भिंत सारवून झाली होती, बाकीच्या उघड्या. आई माती मागायला गेली, तर सरदाराच्या अंगावर कुदळ चालवतेस का, असं ऐकून परत आली.

समाधीला वजन यावं म्हणून पाटलांनीच ओळखीनं पुण्याहून हाडांचा एक अभ्यासक बोलावला. त्यानं शेंदूर पुसला आणि भिंग धरलं. गाव गोळा झालं. तो सांगू लागला, दात किडले नाहीत, कारण या माणसाला गोडधोड फारसं मिळालेलंच नसावं. दाढा सपाट झिजल्या, कारण भरड पिठातून दगडाची कच तोंडात जात होती. मग त्यानं पुढच्या दातांवरच्या आडव्या रेघा दाखवल्या. लहानपणी लेकरू उपाशी राहिलं किंवा फार आजारी पडलं की दाताची वाढ अडते, तिथं रेघ उमटते आणि ती मरेपर्यंत जात नाही. अशा रेघा या दातांवर बऱ्याच होत्या. मी नकळत आपल्या पुढच्या दातांवरून जीभ फिरवली. तिथंही रेघा होत्या.

पाटलांचा चेहरा उतरला.

"आमच्या घराण्यात उपाशी कुणी राह्यलं न्हाई," ते म्हणाले. "हे आमचं न्हाईच." मग आमच्या बायांकडे बघून म्हणाले, "तुमच्यातलंच असंन कुणी."

आई पुढं झाली.

"व्हय पाटील, उपाशी राह्यलं तं आमचंच," ती म्हणाली. "मंग पांढरीबी आमचीच."

पाटलांचाच न्याय होता आणि सगळं गाव ऐकत होतं. आईनं काठीनं काटे बाजूला सारले आणि टोपलं भरायला घेतलं.