काळी पाच ते काळी तीन

विठोजीचा हात माझ्या हातापेक्षा हुशार होता, आणि कान त्याच्या हातापेक्षा. कानडी मुलखात, यशवंतपूरच्या मालधक्क्याजवळ मल्हाररावांची लॉरीची शेड होती. तिथं तो ड्रायव्हर आणि फिटर दोन्ही, मी नुसता फिटर. नट सुटला नाही की मी शिवी द्यायचो. विठोजी हातोडीनं टकटक करून ऐकायचा आणि म्हणायचा, "स्वल्प थांब. अजून रागात आहे तो."

राजाजीनगरला त्याच्या घरी दर शनिवारी भजन असायचं. हार्मोनियम त्याची बायको भाग्यलक्ष्मी वाजवायची. तिला आम्ही अक्का म्हणायचो. गायला कुणी बसलं की ती विचारायची, "पट्टी कुठली?" पेटीवरच्या पाच काळ्या आणि सात पांढऱ्या पट्ट्यांपैकी गळा कुठल्या पट्टीत बसतो, ते सांगायचं. खोटं सांगितलं तर पहिल्याच ओळीला अक्का पेटी मिटून पाणी आणायला उठायची.

लॉरीचं नाव राजलक्ष्मी. लष्कराच्या लिलावातल्या दोन मोडक्या लॉऱ्यांची १९५२ साली विठोजीनं एक केली आणि बॉनेटवर स्वतः नाव रंगवलं. अक्का तिला सवत म्हणायची.

राजलक्ष्मीत खोट एकच. पळायला लागली की किंचाळायची. वरच्या गियरमध्ये इंजिन आणि मागच्या धुऱ्याकडे जाणारा दांडा बरोबरीनं फिरतात. तिचं चाक एकदा फिरायला तो दांडा साडेसहा वेळा फिरायचा. चिखलात तोफ ओढायला ते बरोबर. तुमकूरच्या डांबरी रस्त्याला ते चूक. चाळीस मैलांच्या वेगाला इंजिन नुसतं भिरभिरायचं. त्यात दोनदा बेअरिंग गेलं.

१९५८ च्या एका शुक्रवारी मल्हारराव म्हणाले, "विठोजी, पुरे. सोमवारी दहाला गुजरीवाला येतोय. कापून नेईल."

जुन्या सामानाच्या बाजाराला आमच्याकडे गुजरी म्हणतात. विठोजीनं सहा वर्षांत दुसऱ्या लॉरीचं स्टिअरिंग धरलं नव्हतं. तो आधी शेंगदाण्याची पुडी संपवून हात पुसत बसला. मग म्हणाला, "अण्णा, सोमवारी सकाळी नेलमंगलापर्यंत एक फेरी करू. भरल्या मालानं. चाळीसला किंचाळली नाही तर ठेवायची."

"किंचाळली की नाही ते कोण सांगणार? तू तर तिच्यापायी बहिरा झालायस."

"भाग्यलक्ष्मी सांगेल."

मल्हारराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. "सवतीचा निवाडा सवत करणार! सरी, सरी, ठरलं!"

त्याच संध्याकाळी अक्का पेटी घेऊन राजलक्ष्मीत बसली. वेगाचा काटा चाळीसवर आला तसा तिनं एका हातानं भाता हलवत सूर शोधला. "काळी पाच. या पट्टीत माझा भाऊपण गात नाही, आणि त्याला लाज नाही."

विठोजीनं बोटांवर हिशेब केला. "इंजिन पाचव्या हिश्शानं सावकाश फिरलं तर बेअरिंग टिकेल. म्हणजे सूर काळी तीनवर उतरला पाहिजे."

शनिवारी उजाडताच गुजरीत गेलो, तिथं अपघातातल्या एका लॉरीचा धुरा पडलेला होता. त्यातला क्राउन आणि पिनियन, म्हणजे दांड्याचा जोर चाकाकडे वळवणारी दातांची जोडी, आम्ही मोजून पाहिली. चाकाच्या एका फेरीला दांड्याच्या सव्वापाच फेऱ्या. जोडी राजलक्ष्मीच्या धुऱ्यात बसत होती. एवढं नशीब पुरलं. पुढचं हातानं करायचं होतं.

जुनी जोडी काढायला शनिवारचे साडेचार तास गेले. रॉकेलमध्ये धुणं दोन तास. मग दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावायचा, फिरवायचं, डाग कुठं उमटतो ते बघायचं, फटीत पातळ पत्र्याची चकती घालायची किंवा काढायची, परत फिरवायचं. दाताच्या मध्यावर डाग उमटेपर्यंत अकरा वेळा केलं. नवव्या वेळी मी म्हणालो, "चालेल." विठोजी म्हणाला, "चालेल. पण गाणार नाही."

रविवार इंजिनाचा. ते आता सावकाश फिरणार, म्हणजे चढावर प्रत्येक फेरीला जास्त जोर हवा, नाहीतर गुदमरून बंद पडेल. प्लग घासले, पॉइंट बदलले, कार्ब्युरेटर उघडून धुतला, ठिणगीची वेळ केसभर सरकवली. सोमवारी उजाडताच चाळीस पोती तांदूळ चढवला. दोघांनी. कुणी मदतीला आलं नाही, आम्ही बोलावलंही नाही.

केबिनमध्ये विठोजी, मध्ये मांडीवर पेटी घेऊन अक्का, दाराशी खिशातलं घड्याळ हातात घेऊन मल्हारराव. मी मागे पोत्यांवर, तोंड केबिनच्या मागच्या खिडकीत.

पीण्या गाव मागे पडलं आणि सरळ रस्ता लागला. काटा चाळीसवर आला. अक्कानं काळी तीन दाबली. दोन सुरांचं भांडण झालं. काळी चार. भांडण. काळी पाच दाबली आणि इंजिनाचा आणि पेटीचा सूर असा एक झाला की अक्काचा चेहरा पडला. खोटं बोलणं तिला जमत नव्हतं. सवतीसाठीही.

"काळी पाचच आहे," ती म्हणाली.

"अय्यो विठोजी!" मल्हारराव ओरडले. "दोन दिवस काय केलंत? तिला आंघोळ घातलीत?"

विठोजीनं वेग सोडला नाही. पाय तसाच, काटा चाळीसवर तसाच. तो काट्याकडे बघत होता, अक्का पट्ट्यांकडे, मालक अक्काकडे. रस्त्याकडे बघणारा मी एकटाच. माझी टोपी उडाली. मग तिच्या जागी मुंडासं म्हणून बांधलेला टॉवेलही उडाला. आमच्या कितीतरी आधी सुटलेली बस आम्ही मागे टाकली आणि तिचा कंडक्टर मला हात जोडताना दिसला. मी टपावर धपाधप मारलं. आत कुणी ऐकेना.

चहाच्या टपरीशी विठोजीनं ब्रेक लावला. मल्हाररावांनी घड्याळ पाहिलं, कानाला लावलं.

"हे नेलमंगला नव्हे," ते म्हणाले.

"अण्णा, नेलमंगलाच."

"एवढ्या लवकर येत नाही ते!" त्यांनी टपरीवाल्याला गावाचं नाव विचारलं. त्यानं सांगितलं. पटेना म्हणून गिऱ्हाइकालाही विचारलं.

मी खाली उतरलो, केस उभे, तोंडात धूळ. "मैलाचे दगड कुंपणासारखे पळत होते! चाळीस कसले?"

विठोजी खाली वाकला, गियरबॉक्सच्या मागून निघून काट्याकडे जाणारी केबल त्यानं हातानं चाचपली आणि तिथंच जमिनीवर बसून हसत सुटला. काटा चाकाच्या फेऱ्या मोजत नव्हता, दांड्याच्या मोजत होता. दांडा तेवढाच फिरला, चाक जास्त पळलं. केबल कुठं जोडलेली असते हे आम्हा दोघांना पाठ. धुरा काढताना दोनदा तिच्यावर डोकंही आपटलं होतं.

"म्हणजे आपण किती पळालो?" मल्हाररावांचा आवाज बारीक झाला.

"पन्नासला अर्धा मैल कमी."

मल्हाररावांनी दोन चहा प्यायले. एकामागून एक, उभ्यानं.

परतीला काट्यावर कापड टाकलं. मल्हारराव घड्याळ घेऊन दगड मोजत होते. मैलाला दीड मिनिट म्हणजे खरे चाळीस. "कमी कर... आणखी कमी... हां, नव्वद सेकंद! आता वाजव गं!"

अक्कानं काळी तीन दाबली. लॉरी आणि पेटी, दोन्हींत फट उरली नाही. कापड काढलं. काटा बत्तीसवर.

"बसली!" अक्का किंचाळली. परतीला तीच एकटी किंचाळली.

चढ आला. चाळीस पोत्यांसह राजलक्ष्मी खालच्या गियरवर खोकली नाही की थांबली नाही. मल्हाररावांना राहवेना. त्यांनी काळी तीनमध्ये भजन धरलं. त्यांचा गळा पांढरी एकचा. तरी अक्कानं पेटी मिटली नाही. मी मागून खिडकीतून टाळी देत होतो, विठोजी हॉर्नवर.

शेडच्या दारात गुजरीवाला सायकल टेकवून उभा होता, हातात दोरी आणि छिन्नी. घामानं भिजलेला. भर उन्हात चार मैल सायकल मारत आला होता.

मल्हारराव खाली उतरले. त्याच्याकडे बघितलं, राजलक्ष्मीकडे बघितलं.

"विठोजी," ते म्हणाले, "यांची सायकल पोत्यांवर घे. बिचारे दमलेत. घरापर्यंत सोडून ये."

अक्कानं पदरानं घाम पुसला, कपाळावरचं थोडं कुंकू बोटावर घेतलं आणि काट्याच्या काचेवर, बत्तीसच्या जागी, ठिपका लावला. "याच्या पुढे नेलीस तर मी माहेरी जाईन," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते तिनं सांगितलं नाही.

गुजरीवाला माझ्या शेजारी पोत्यांवर बसला. वाटेत म्हणाला, "मस्त ओढते हो. विकायची का काढली होती?"