काकूंचा एकच पेन ड्राइव्ह

“संजू, हा पेन ड्राइव्ह फॉरमॅटसुद्धा नाही होऊन राहिला. ओमती मोहल्ल्यातल्या दुकानवाल्या भैयाने दोन-तीनदा करून पाहिलं,” शोभाकाकू म्हणाल्या, आणि मी तो त्यांच्या हातातून ओढूनच घेतला.

“काकू, फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून टाकणं!”

“हो का? तो तर म्हणे, नया हो जायेगा.”

आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, सदर भागात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. काकू निवृत्त शिक्षिका. दर गणपतीत आमच्या मंडळात मुलांचं मराठी नाटक बसवतात. इथल्या मुलांना मराठी समजतं, पण तोंड उघडलं की हिंदी. म्हणून काकू सगळ्यांचे संवाद स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पेन ड्राइव्हवर घालतात. तो घरोघरी फिरतो आणि मुलं बापाच्या गाडीत लावून पाठ करतात. दोन अंक फक्त त्यातच होते. रविवारी प्रयोग, आणि तिसरा अंक आत जाईना. ‘डिस्क राइट-प्रोटेक्टेड आहे’ एवढंच कॉम्प्युटर सांगे. म्हणजे आतलं वाचता येईल, पण नवं लिहिता येणार नाही आणि जुनं पुसताही येणार नाही.

त्यामुळेच तर दोन अंक वाचले होते.

काही पेन ड्राइव्हना कडेला बारीक खटका असतो. तो सरकला की लॉक. याला नव्हता. दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहिलं, व्हायरस शोधला, काही नाही. मग कमांड देऊन रीड-ओन्लीचा, म्हणजे ‘फक्त वाचा’चा शिक्का काढायला सांगितलं. कॉम्प्युटर म्हणाला, काढला. बघतो तर शिक्का जागच्या जागी! मला थोडा रागच आला.

“काय झालं? उघडलं का कुलूप?”

“नाही काकू, हे उघडायचं नाही. आतली चिप थकली की कधीकधी पेन ड्राइव्ह स्वतःच लिहिणं बंद करतो. आहे तेवढं काढून घ्या, म्हणतो.”

“चालू गाडीत खेचून काढतात ना पोरं!”

त्यानेही झालं असेल, नक्की सांगता येत नाही. मी आधी कॉपी करायला घेतलं. फायली रखडत येत होत्या. एकेक लावून तपासली. “राजा, घाई नको करू. यहाँ साँस लेना, बेटा,” रेकॉर्डिंगमधला काकूंचा आवाज दुकानभर घुमला. मी लहानपणी त्यांच्याच नाटकात झाड झालो होतो. झाडाला एकही संवाद नव्हता, तरी मला रोज तालमीला बोलवायच्या. फार माया केली या बाईने आमच्यावर.

सगळ्या फायली धडधाकट निघाल्या. काकूंच्या मोबाइलमधला तिसरा अंकही जोडला. मी खुशीत येऊन म्हणालो, “आता सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवून देतो. फिरवाफिरवीची कटकटच नको.”

“काहून?” काकू एकदम कडाडल्या. “एका नव्या पेन ड्राइव्हवर दे. एकच.”

“अहो, पण तोही बिघडला तर?”

“अरे, कांचघर मोहल्ल्यातली पोरगी पेन ड्राइव्ह घ्यायला दुसरीच्या घरी जाते, तर तिथे पोहे होतात, दोघी मिळून संवाद म्हणतात. आया गप्पा मारत बसतात. मोबाइलवर आलं की जो-तो आपल्या घरात. मग मराठी बोलायची कोणाशी, मोबाइलशी?”

मी तिन्ही अंक भरून नवा पेन ड्राइव्ह दिला. काकू तो पदराच्या गाठीत बांधून घेऊन गेल्या.

रविवारी नाटक झालं. राजा दोनदा हिंदीत घसरला, तर शेजारच्या प्रधानाने त्याला सावरून घेतलं. दोघांनी संवाद एकत्र पाठ केले होते, हे दिसतच होतं.

तेव्हा, पेन ड्राइव्ह आपणहून लॉक झाला तर त्याच्याशी भांडू नका, आधी आतलं काढून घ्या. आणि गिऱ्हाइकाला किती कॉपी हव्यात, ते विचारून घ्या.

एक कॉपी माझ्या हार्ड डिस्कवर आहे. काकूंना ते मी अजून सांगितलेलं नाही.