कंट्रोलर, कळंब

काहीही बोलायच्या आधी ते उजव्या हाताची मूठ तोंडासमोर धरायचे, दोनदा खाकरायचे आणि क्षणभर थांबायचे. समोर माइक नसायचा. चहावाल्याला 'साखर कमी' एवढंच सांगायचं असलं तरी हेच. एसटीच्या कळंब स्टँडवर कंट्रोलर म्हणून उभी नोकरी गाड्या पुकारण्यात गेली, ती निवृत्तीनंतरही अंगातून निघाली नव्हती. तुमच्याही गावात असा एखादा असेल. निवृत्त झालेला मास्तर लग्नात पंगतीची हजेरी घेतो, तसं.

माझं स्टँडसमोर ऑनलाइन अर्ज भरण्याचं दुकान आहे. सातबारा, परीक्षांचे फॉर्म, झेरॉक्स. एका दुपारी हे काका आत आले, मूठ धरली, खाकरले.

"ताई, परदेशातल्या वकिलातीत काम करणारी माणसं घरी कशी राहत्यात, हे कुठं लिवलेलं असतं का?"

त्यांची एकुलती एक मुलगी परीक्षा देऊन वकिलातीच्या नोकरीत लागली होती. साहेब म्हणून नव्हे, कचेरीतली सहायक म्हणून. पहिलीच नेमणूक मंगोलियात, उलानबातरला. मुलगी शाळेत असतानाच बायको वारली होती, त्यामुळं घरात आता हे एकटेच.

"रविवारी फोन करती," ते म्हणाले. "कसं हाय म्हणलं की म्हणती, सगळं बरं आहे आबा. ताई, चौकशीच्या खिडकीवर येऊन जो माणूस 'काय न्हाय, सहज आलतो' म्हणतो ना, त्याची गाडी चुकलेली असती."

मी शोधलं. आणि निघालं काय, तर जगभरच्या वकिलातींत काम करणारे, त्यांच्या बायका, नवरे, आया, सगळे ब्लॉग लिहीत बसलेले. बहुतेक इंग्रजीत. काकांचं इंग्रजी गाड्यांच्या पाट्यांपुरतं, म्हणून मी कॉम्प्युटरला भाषांतर करायला लावलं. पडद्यावर मराठी उमटलं: 'माझ्या नवऱ्याला नवीन खांब मिळाला आहे. हा आमचा चौथा खांब. मुलं आता खांबावर रुळली आहेत.'

काका चष्मा वर करून बघत राहिले. "नवरा लाइनमन हाय का?" मग काळजीनं, "आन लेकरंबी वरच? पडत्याल की!"

मूळ इंग्रजीतला शब्द 'पोस्ट', म्हणजे नेमणूक, आणि कॉम्प्युटरनं त्याचा खांब केला, हे उलगडायला मला दोन चहा लागले. पण काकांना तो शब्दच आवडला. त्या दिवसापासून नेमणुकीला खांबच. "आमची पोरगी उलानबातरच्या खांबावर हाय," असं ते रसवंतीवाल्यालाही सांगायचे, आणि तो बिचारा मान हलवायचा.

मग ते रोज येऊ लागले. जेवण झालं की तीनच्या सुमाराला. दोन-चार ब्लॉग वाचायचे आणि स्टँडवरच्या गाड्यांच्या जुन्या चार्टासारख्या आखलेल्या कागदावर नोंद करायची. थोड्याच दिवसांत ब्लॉग एवढे साठले की यादी लावणं भाग पडलं. मी म्हटलं, देशावार लावू.

"देश बदलतो की दर दोन-तीन वर्षांनी. गाडी तीच राहती."

मग हुद्द्यानुसार? राजदूतांचं घर आधी, कारकुनांचं मागून?

"स्टँडवर आमदार आला तरी आधी लागंल तीच गाडी पुकारायची," ते म्हणाले आणि विषय संपला.

शेवटी यादी त्यांनी त्यांच्या पद्धतीनं लावली. नेमानं लिहिणारे 'चालू'. अधूनमधून लिहिणारे 'उशिरा'. निरोप घेऊन लिहिणं थांबवलेले 'रद्द'. आणि एके दिवशी एक शब्दही न सांगता गप्प झालेले 'वाटेत बंद'. शेवटचा रकाना शेऱ्याचा, त्यात त्यांच्या लेखणीला लगाम नव्हता. 'नुसते जेवणाचे फोटो.' 'सासूला भिते, पण लपवते छान.' 'कुत्र्याचं कौतुक फार, नवऱ्याचं नाव नाही.' 'सामान अजून पोचलेलं नाही. चार लेख झाले.'

ही यादी मी गंमत म्हणून इंटरनेटवर चढवली, शेरे इंग्रजीत करून. मला वाटलं, कोण बघणार आहे?

काकांना मात्र 'वाटेत बंद' मधली माणसं बघवत नव्हती. "गाडी वाटेत बंद पडली तर डेपोनं चौकशी करायची असती," असं म्हणत ते एकेकाच्या ब्लॉगखाली मला लिहायला लावायचे: 'आपण दोन महिने काही लिहिलेलं नाही. तब्येत बरी आहे ना? कळवावे. कंट्रोलर, कळंब.'

मी ते इमानेइतबारे इंग्रजी करून टाकत होते. त्यातून काय होईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दक्षिण अमेरिकेत कुठल्याशा युरोपी वकिलातीतल्या एका कारकुनाच्या बायकोनं लिहिलं होतं की राजदूतबाई मेजवानीच्या आधी सगळ्यांच्या बायकांना बसवून रुमालांच्या घड्या घालून घेतात. त्यानंतर ती दोन महिने गप्प होती. आम्ही चौकशी केली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर रुमालांचा लेख गायब, आणि मला पत्र: 'माननीय कंट्रोलर महोदय, माझ्या लिखाणानं आपल्या विभागाला त्रास झाला असल्यास क्षमस्व.' तिला वाटलं, कळंब हे वकिलातींवर नजर ठेवणारं कुठलंतरी गुप्त खातं!

काका हसले ते ठसका लागेपर्यंत हसले. मी पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर मात्र त्यांचा चेहरा पडला.

"ताई, खरं लिवलेलं पुसलं की वो तिनं, आपल्या पायी." त्यांनी लगेच मजकूर सांगितला: "मी एसटीचा माणूस आहे. मला कुणाचीही बदली करता येत नाही. पुसलेलं परत लिहा."

तिनं परत लिहिलं. घड्या किती प्रकारच्या असतात तेही वाढवून लिहिलं. तिनं ही हकिगत सगळीकडं सांगितली असावी, कारण पुढं माणसं स्वतःहून पत्रं पाठवायला लागली, आमचाही ब्लॉग यादीत घ्या म्हणून. काका सहजी घेत नसत. "वर्षाला चार तरी फेऱ्या पायजेत," हा नियम.

अशीच नवीन ब्लॉग शोधत असताना एका सकाळी मला तो सापडला. मराठीत. नाव नाही, देशाचंही नाव नाही, फक्त थंडी, बर्फ आणि वकिलात. तिसऱ्या लेखात एक ओळ होती: 'आमच्याकडून पाहुणा निघाला की वडील फाटकात उभं राहून त्याच्या गाडीचा नंबर वहीत लिहून घेतात.' असे वडील कळंबमध्ये एकच. पुढच्या लेखात तिनं लिहिलं होतं की पोटात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, सहीला जवळचं कुणी नव्हतं म्हणून कचेरीतल्या मैत्रिणीनं सही केली. गाठ साधी निघाली. 'घरी फोनवर आवाज बसला होता, तेव्हा सर्दी म्हणून सांगितलं.'

मी ते पान बंद केलं. यादीत घेतलं नाही. दुपारी काका आले, चार्ट पुढं ओढला, मूठ धरली, खाकरले.

"ताई, एक गाडी तुमी लपवली."

मी उगाच झेरॉक्सचे कागद सारखे करायला लागले.

"मला दोन महिने झाले घावून. तुमाला कवा घावती, ते बघत होतो." त्यांनी खिशातून फोन काढला. माझ्याच दुकानात बसून ते एवढं शिकले होते. त्या लेखाखाली कुणा 'लातूरच्या आजी'नं लिहिलं होतं: 'बाळ, टाके ओले असताना बादली उचलू नको. डिंकाचे लाडू मिळत नसतील तर खारीक दुधात उकळून घे. रडू आलं तर रडावं, पण उपाशी पोटी रडू नये.' खाली मुलीचं लांबलचक उत्तर. मग आजीचं. मग मुलीचं. जे बापाला सांगितलं नव्हतं ते सगळं आजीला सांगितलेलं.

"ही आजी कोण?" मी विचारलं, आणि त्यांच्या तोंडाकडं बघून मला उत्तर मिळालं. पांढऱ्या मिशा, गालात हसू.

"काका! ही फसवणूक आहे."

"व्हय. आन सर्दी काय हाय?" मग त्यांनी फोन परत खिशात घातला. "तिची आई असती तर तिला सांगितलं असतं. बापाला काय सांगंल पोरगी? खारीक-दुधाचं मी शेजारच्या काकूला इचारून लिवलं."

मी त्यांना रागवायला गेले होते, पण चहाच मागवला. तुम्हीही तेच केलं असतं.

महिन्याभरानं मात्र काका तीन वाजायची वाट न बघता सकाळीच धावत आले. मूठ नाही, खाकरणं नाही.

"ताई, ती सुट्टीवर यायलीय. आन फोनवर म्हणतीय, लातूरला जाऊन ओळखीच्या एका आजीला भेटायचंय. शाल घेतलीय तिनं आजीला!" खुर्चीत बसले. "म्हातारी मारून टाकू का?"

"नको काका, ती रडेल."

"मग बिदरला धाडतो. लेकीकडं गेलीय, गुडघ्याचं औषध चालू हाय म्हणून." आणि आजी त्याच मिनिटाला बिदरला रवाना झाल्या.

मुलगी आली. तिसऱ्या दिवशी कसल्याशा कागदाची झेरॉक्स काढायला एकटीच माझ्या दुकानात आली. कागद हातात घेऊनही ती जाईना.

"ताई, आजी बिदरला गेल्या म्हणं," ती म्हणाली. आणि हसू दाबताना तिचे डोळे भरून आले.

"तुला माहीत होतं?"

"आजींच्या दुसऱ्याच उत्तरापासून. लिहिलं होतं, औषध १४.३० ला घेत जा. लातूरची कुठली आजी अडीचला चौदा-तीस म्हणते?" तिनं डोळे पुसले. "आणि ती यादी आमच्या कचेरीत सगळे वाचतात. कंट्रोलर, कळंब म्हणजे कोण, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही आबांना सांगू नका हं. त्यांच्यापुढं मला बोलता येत नाही. आजीपुढं येतं."

सुट्टी संपवून निघायच्या दिवशी दोघं दुकानात आली, तेव्हा तिनं ती मऊ, तपकिरी लोकरीची शाल माझ्यासमोरच बापाच्या हाती दिली. "आबा, तुम्ही कधी लातूरला गेलात तर आजींना द्या."

"देतो की," ते म्हणाले. चेहरा एवढा सरळ की मला आत जाऊन पंख्याखाली उभं राहावं लागलं.

पुढच्या वर्षी तिची बदली झाली आणि तिनं हट्टच धरला की आबांनी सोबत यायचं. "सोफियाला जायाचंय," ते मला सांगायला आले. मी विचारलं, सोफिया कोण? "बाई न्हाय, गाव हाय. बल्गेरियात." त्यांचा पासपोर्टचा फॉर्म मीच भरला. ढोकीमार्गे धाराशिव आणि लांब म्हणजे पुणे, याच्या पलीकडं न गेलेला माणूस विमानात बसला. ती दोघं आता एका घरात राहतात, पण मुलीच्या ब्लॉगखाली आजींची उत्तरं अजून येतात. फक्त लातूरहून नाही, शेजारच्या खोलीतून. 'फार वेळ उभं राहून भांडी घासू नको,' असं परवाच लिहिलं होतं. मुलीनं उत्तर दिलं, 'हो आजी.'

यादी आता मी एकटीच लावते. शेरे मला तसे जमत नाहीत. दुपारी तीनला त्यांच्या खुर्चीवर फॉर्म भरायला आलेलं कुणीतरी बसतं, आणि मी उगाच दोनदा वर बघते.

मागच्या आठवड्यात मुलीनं फोटो पाठवला. सोफियातला ट्रामचा थांबा, भुरभुरणारा बर्फ, आणि कानांपर्यंत ओढलेल्या लोकरी टोपीत आमचे कंट्रोलर. एक हात वर करून ते काहीतरी ठणकावून सांगतायत. समोर आठ-दहा बल्गेरियन माणसं, बाया, एक पोलीससुद्धा. त्यातल्या एकालाही मराठी येत नसणार.

रांग मात्र सरळ आहे.